वाचकांचे प्रश्न : एकटीने युरोपला, पण किती देश?

प्रश्न : नमस्कार ताई. मी ४८ वर्षांची, कर्वेनगरला राहते, सहकारी बँकेत नोकरी करते. जूनमध्ये सतरा दिवसांची रजा मंजूर झाली आहे आणि एकटीने युरोप बघायचं मी ठरवलं आहे. यजमानांना विमानाचं नावही नको, मैत्रिणींच्या तारखा जुळता जुळत नाहीत, आणि 'पाचला उठा, सहाला बसमध्ये बसा' हे टूरवाल्यांचं गणित मला मानवत नाही. म्युनिकला मावसबहीण आहे. माझी यादी अशी : लंडन, पॅरिस, अॅमस्टरडॅम, स्वित्झर्लंड, म्युनिक, प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, व्हेनिस, रोम. व्हिसा कुठल्या देशाचा काढायचा? नवऱ्याचं संमतिपत्र लागतं का? घरचे सगळे एकच विचारतात, 'एकटी बाई, काही झालं तर?' त्यांना काय सांगू?

उत्तर : सतरा दिवसांत दहा ठिकाणं म्हणजे तुम्ही नको म्हटलेली तीच टूर झाली, फक्त बॅगा स्वतः उचलायच्या. आधी कात्री लावू. लंडन पहिलं काढा. ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात नाही, त्याचा व्हिसा वेगळा, फी वेगळी, कागद वेगळे. पॅरिस-अॅमस्टरडॅम एका बाजूला, रोम-व्हेनिस दुसऱ्या बाजूला. तुमची बहीण म्युनिकला आहे, तर तिथून पूर्वेकडे जाणारी एकच रेघ धरा : म्युनिक, प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट. म्युनिक ते प्राग रेल्वेने सहा तासांच्या आसपास, प्राग ते व्हिएन्ना चार, व्हिएन्ना ते बुडापेस्ट अडीच-पावणेतीन. ऑस्ट्रियातलं साल्झबुर्ग म्युनिकहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्यासारखं आहे. बव्हेरियाचं एक दिवसाचं रेल्वे तिकीट, 'बायर्न तिकीट', सरहद्द ओलांडून साल्झबुर्ग स्टेशनपर्यंत चालतं. विमान जाताना म्युनिकचं, येताना बुडापेस्टहून घ्या, म्हणजे आल्या वाटेने परतायला नको.

आता व्हिसा. नियम असा की ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार, त्याच्याकडे अर्ज. दिवस सारखे असतील तर जिथे आधी पाऊल ठेवणार त्याच्याकडे. समजा तुम्ही म्युनिकला चार रात्री, प्रागला तीन, व्हिएन्नाला पाच आणि बुडापेस्टला चार रात्री राहिलात, तर अर्ज ऑस्ट्रियाकडे जातो, विमान जर्मनीत उतरत असलं तरी. बहिणीने आग्रह करून तुम्हाला दोन रात्री जास्त ठेवून घेतलं की गणित जर्मनीकडे वळतं. म्हणून हा आग्रह अर्जाच्या आधीच मिटवा.

प्रौढ बाईला नवऱ्याचं संमतिपत्र लागत नाही. खर्च तेच करणार असतील तर त्यांचे बँकेचे कागद जोडावे लागतात, एवढंच. तुमचा पगार तुमच्या खात्यात येतो, त्यामुळे तो प्रश्नच नाही. फाइलमधला सगळ्यात वजनदार कागद म्हणजे बँकेचं रजा मंजुरीचं पत्र, ज्यात तुम्ही अमुक तारखेला कामावर परत रुजू होणार असं लिहिलेलं असतं. बाकी तीन महिन्यांचं स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा, आयकर विवरणपत्र, राहण्याची बुकिंगं आणि किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय विमा संरक्षण. फी ९० युरो, वर व्हिसा अर्ज केंद्राचा सेवा आकार. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. नियमात निर्णयाला पंधरा दिवस लिहिलेत, पण ते पंचेचाळीसपर्यंत ताणता येतात. उन्हाळ्यात भेटीच्या तारखा भराभर जातात. पुण्यात मिळाली नाही तर मुंबईची घ्या, पण 'तारीख मिळवून देतो, इतके द्या' म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका.

आपल्याकडच्या बायकांच्या फाइलींत हमखास दिसणारी एक गोम सांगते. पासपोर्टवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, आणि आधारवर दोन्हींची भेसळ. विमानाचं तिकीट आणि विमा पासपोर्टवरच्या नावाने अक्षरन् अक्षर तसाच काढा, आणि विवाह नोंदणीचा दाखला फाइलला लावा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालू हवा, दोन पानं कोरी हवीत.

आता 'काही झालं तर'. माझ्या मते एकटीच्या प्रवासात धास्तीचा वेळ फार थोडा असतो. दिवसभर म्युझियममध्ये, ट्राममध्ये, नदीकाठी तुम्ही चार माणसांतल्या एक असता. अवघड असतो तो नव्या गावात उतरल्यापासून खोलीची कडी आतून लावेपर्यंतचा तास. हातात बॅग, फोनवर नकाशा, खिशात अनोळखी नाणी, आणि चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं की ही इथली नाही. सगळी आखणी या तासाभोवती करा, देश आपोआप बसतील.

म्हणजे कसं? गाडी सकाळची पकडायची, दुपारी तीन-चारला पोचायचं. जूनमध्ये या शहरांत रात्री नऊच्या सुमारापर्यंत उजेड असतो, ही तुमची मोठी सोय. प्रागचं मुख्य स्टेशन दुपारी गजबजलेलं असतं, खालीच मेट्रो आहे. पण स्टेशनसमोरची बाग अंधार पडल्यावर बॅग ओढत ओलांडण्याची जागा नव्हे. तिकीट वीस युरोंनी स्वस्त म्हणून रात्री अकराला पोचणारी गाडी घेऊ नका. ते वीस युरो टॅक्सीत जातात आणि वर जीव टांगणीला.

दुसरं, राहण्याची जागा. माणूस बसलेला रिसेप्शन काउंटर असेल तिथेच राहा. अपार्टमेंट फोटोत छान दिसतात. प्रागमध्ये मी अशाच एका इमारतीत राहिले होते. किल्ली रस्त्यावरच्या दाराशेजारी आकडे फिरवायच्या डबीत. दार उघडून आत गेलं की जिन्याचा दिवा लागतो, आणि तिसऱ्या मजल्याच्या अलीकडेच आपोआप विझतो. एका हातात बॅग, दुसरा हात भिंतीवर, बटण शोधतोय. वरून कोणीतरी उतरत होतं. आजीबाई होत्या, कुत्र्याला फिरवायला निघालेल्या, त्यांनीच बटण दाबलं. काहीच घडलं नाही. पण तेवढ्या अंधारात मी जे जे मनात आणलं, ते काउंटरवरच्या झोपाळू पोराकडून किल्ली घेताना कधी मनात येत नाही. स्टेशनपासून पायी दहा मिनिटं किंवा एका ट्रामवर असलेली जागा बघा, आणि त्या रस्त्याचं चित्र नकाशावर आधीच पाहून ठेवा.

हाच नियम परतीलाही. तुमचं विमान मुंबईत पहाटे दोनला उतरलं तर लगेच शेअर टॅक्सीत बसू नका. चालकाच्या डोळ्यावर झोप, पुढे घाट, आणि वाकडपासून एकेकाला सोडत कर्वेनगर शेवटी. विमानतळावर चहा घ्या, उजाडू द्या.

बाकी भुरटेपणा. खिसेकापू आहेत, गर्दीच्या ट्राममध्ये जास्त. पर्स अंगावर आडवी, पासपोर्ट आतल्या कप्प्यात, त्याची प्रत फोनमध्ये आणि बहिणीकडे. युरोपीय संघात कुठेही ११२ फिरवलं की पोलीस, रुग्णवाहिका मिळते. मेट्रोला व्हिएन्नात फाटकंच नाहीत, म्हणून फुकट समजू नका. साध्या कपड्यातले तपासनीस येतात. प्राग आणि बुडापेस्टला कागदी तिकिटावर यंत्रात शिक्का मारून घ्यावा लागतो. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट. दंड भरताना तुमचं वय, मराठी सोज्वळपणा काही कामाला येत नाही.

पैसे : जर्मनी, ऑस्ट्रियात युरो, चेकमध्ये कोरुना, हंगेरीत फोरिंट. कार्ड यंत्राने 'रुपयात देता का?' असं विचारलं तर नाही म्हणा, तिथल्याच चलनात द्या. रुपयाचा पर्याय महाग पडतो. जेवणाचं फार मनावर घेऊ नका, शाकाहारी मिळतं. फक्त ऑस्ट्रियात रविवारी किराणा दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांतली सोडून.

घरच्यांना काय सांगायचं? काही सांगू नका. चार शहरं, पोचायच्या वेळा, हॉटेलांचे फोन एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा.

प्रश्न : माझी २३ वर्षांची मुलगी सुट्टीत एकटी युरोपला चालली आहे, होस्टेलमध्ये राहणार म्हणते. तिचं लोकेशन चोवीस तास मला दिसावं असं वाटतं. चूक आहे का? – सदाशिव पेठ

उत्तर : चूक नाही, पण तुमची झोप जाईल. ठिपका एक तास हलला नाही की तुम्ही फोन लावणार, आणि ती बिचारी संग्रहालयात फोन बंद करून बसलेली. त्यापेक्षा रोज खोलीवर पोचल्यावर एक मेसेज, हे ठरवा. उन्हाळ्यात आपण मध्य युरोपच्या साडेतीन तास पुढे असतो. तिथे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा तुमच्याकडे साडेदहा. मेसेज झोपायच्या वेळी येईल, घाबरू नका. होस्टेलांत फक्त मुलींची खोली मागता येते, ऑस्ट्रियाच्या रात्रीच्या रेल्वेत डब्यातला फक्त बायकांचा कप्पाही मागता येतो. लॉकर असतो, कुलूप सोबत द्या. आणि २७ वर्षांपर्यंत युरेलचा, म्हणजे अनेक युरोपीय देशांत चालणारा रेल्वे पास स्वस्त मिळतो, तो तिने पाहिलाय का विचारा.

प्रश्न : म्युनिकच्या भाचीसाठी मैत्रिणीबरोबर हापूसची पेटी आणि घरचं साजूक तूप पाठवायचं आहे. चालेल ना? – सिंहगड रोड

उत्तर : दोन्ही चालत नाही. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध-दुभत्याचे पदार्थ आणता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, आंबा बर्फी सगळं बाद. ताज्या आंब्याला वनस्पती आरोग्याचा दाखला लागतो, तो तुमच्या मैत्रिणीच्या पिशवीत असणार नाही. केळी आणि नारळाला सूट आहे, पण ते भाचीला कोण पाठवणार? बाकरवडी, मेतकूट पाठवा. आमरसाचा सीलबंद डबाही द्या, पण मोठ्या बॅगेत, हातातल्या नव्हे.