वाचकांचे प्रश्न : डीबगरमधून प्रोग्राम चालवणे व त्यावर लक्ष ठेवणे

प्रश्न : मी रत्नागिरीतील एका तंत्रनिकेतनात सी++ शिकवते. विद्यार्थ्यांचे प्रोग्राम डीबगरमधून (प्रोग्राममधील चुका शोधण्याच्या साधनातून) एकामागून एक चालवून, कोणता प्रोग्राम कोणत्या ओळीवर कोसळला याची नोंद ठेवणारे साधन मी पायथॉनमध्ये लिहीत आहे. सध्या जीडीबी या डीबगरने पडद्यावर छापलेला मजकूर वाचून निष्कर्ष काढते, पण ते वारंवार चुकते. काही संगणक विंडोजचे आहेत. कोणती लायब्ररी घ्यावी?

उत्तर : पडद्यावरचा मजकूर माणसांसाठी असतो आणि आवृत्तीगणिक बदलू शकतो, त्यामुळे त्याच्या भरवशावर साधन उभारू नये. यंत्रांसाठी जीडीबीत ‘एमआय’ नावाचा वेगळा संवादमार्ग आहे. प्रोग्राम थांबला की त्यावर ‘स्टॉप्ड’ अशी नोंद येते आणि तीत थांबण्याचे कारण, फाइल व ओळ क्रमांक सुटे सुटे मिळतात. मात्र त्यासाठी प्रोग्राम डीबग माहिती जोडणारा ‘-जी’ पर्याय देऊन कंपाइल केलेला हवा. ‘पायजीडीबीएमआय’ ही लायब्ररी या नोंदींचे पायथॉनच्या डिक्शनरीत रूपांतर करते.

एलएलडीबी हा दुसरा डीबगर आपल्या प्रोग्राममध्येच लायब्ररी म्हणून जोडता येतो आणि टार्गेट, प्रोसेस, थ्रेड, फ्रेम हे सारे ऑब्जेक्ट म्हणून हाती येते. हे अधिक सुबक आहे, परंतु लायब्ररी कोसळली तर तुमचे साधनही तिच्यासोबत कोसळते, तर एमआयच्या मार्गात केवळ जीडीबीची वेगळी प्रोसेस मरते आणि ती पुन्हा सुरू करता येते. बिघडलेलेच प्रोग्राम चालवायचे असल्याने मी तुम्हाला एमआय सुचवेन.

खरी अडचण कोसळणाऱ्या प्रोग्रामची नसून कधीच न थांबणाऱ्या लूपची आहे. एलएलडीबी सिंक्रोनस पद्धतीने वापरला, तर प्रोग्राम थांबेपर्यंत ‘लाँच’ परतच येत नाही आणि साधन अडकून पडते. म्हणून तेथे ‘लाँच’ लगेच परत येणारी असिंक्रोनस पद्धत निवडून लिसनरवर (घटनांच्या सूचना घेणाऱ्या ऑब्जेक्टवर) ठरावीक सेकंदच घटनेची वाट पाहावी. कोणतीही लायब्ररी घेतली तरी मुदत संपताच प्रोग्राम थांबवून तो कोणत्या ओळीवर फिरत होता हे टिपावे आणि मगच तो संपवावा, कारण विद्यार्थ्याला तीच ओळ सर्वांत उपयोगी पडते. प्रोग्रामचे स्वतःचे आउटपुट एमआयच्या नोंदींत मिसळू नये, यासाठी त्याला वेगळे टर्मिनल नेमून द्यावे.

लिनक्सवर जीडीबी मेमरीतील पत्त्यांची यादृच्छिक मांडणी मुळातच बंद ठेवतो. त्यामुळे एरवी कोसळणारा प्रोग्राम डीबगरखाली सुरळीत चाललेला दिसू शकतो. ‘डिसेबल-रँडमायझेशन’ हा पर्याय ‘ऑफ’ करूनही एकदा तपासावे.

विंडोजवर मिनजीडब्ल्यूचा (जीसीसीच्या विंडोज आवृत्तीचा) कंपायलर असेल तर हाच मार्ग चालेल. व्हिज्युअल सी++ मध्ये बांधलेल्या प्रोग्रामची डीबग माहिती पीडीबी फाइलमध्ये असते आणि जीडीबी ती वाचत नाही, म्हणून तेथे विंडोजचे स्वतःचे डीबगर इंजिन वापरावे लागेल.

प्रश्न : मालवणच्या आमच्या बर्फ कारखान्यात तापमान नोंदवणारा प्रोग्राम उबुंटूवर अखंड चालतो. मध्येच अडकल्यावर त्याला जीडीबी जोडू गेलो, तर परवानगी नाकारली जाते.

उत्तर : उबुंटूत ‘पीट्रेस_स्कोप’ या, डीबगर कोणाला जोडता येईल हे ठरवणाऱ्या सेटिंगचे मूल्य सहसा 1 असते, त्यामुळे साधा वापरकर्ता स्वतःच्या डीबगरमधून सुरू न केलेल्या प्रोसेसला डीबगर जोडू शकत नाही. सूडो (प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालवण्याची सोय) वापरून जोडता येईल, पण जोडल्याक्षणी प्रोग्राम थांबतो आणि तेवढ्या वेळाच्या नोंदी हुकतात. त्याऐवजी सूडोनेच ‘जीकोअर’ चालवून मेमरीची प्रत घ्यावी. त्यातही प्रोग्राम प्रत निघेपर्यंतच थांबतो आणि पुढचा तपास दुसऱ्या संगणकावर सावकाश करता येतो, फक्त तेथे तोच प्रोग्राम व त्याच आवृत्तीच्या लायब्ररी असाव्यात.