घरमालकांचे प्रश्न : मुदत संपली, पण ताबा मिळत नाही

प्रश्न : डोंबिवलीतील माझी वन बीएचके सदनिका मी अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स कराराने एका कुटुंबाला दिली होती. भाडे दरमहा १४,००० रुपये आणि अनामत ५०,००० रुपये. मुदत संपून तीन महिने झाले, तरी मुलाची परीक्षा होईपर्यंत थांबा, असे ते सांगत आहेत आणि भाडेही नियमित देत नाहीत. यजमान गेल्यापासून माझा घरखर्च याच भाड्यावर चालतो. वीज तोडावी आणि ते गावी गेले की कुलूप बदलावे, असे माझा भाऊ म्हणतो. मी काय करावे?
— एक वाचक भगिनी, डोंबिवली

उत्तर : ताई, आपला करार नोंदणीकृत आहे, हे सर्वात आधी लक्षात घ्या, कारण त्यामुळे आपली बाजू भक्कम आहे, आणि ती दुबळी होईल अशी एकच गोष्ट आपल्या हातून होऊ शकते, ती म्हणजे भावाने सुचवलेली. राहत्या माणसाला, त्याचा राहण्याचा हक्क संपला असला तरी, मालकाने कायद्याच्या मार्गाखेरीज बाहेर काढता कामा नये, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच स्पष्ट केले आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २९ नुसार भाडेकरूच्या वीज-पाण्यासारख्या अत्यावश्यक सेवा सबळ कारणाशिवाय बंद करण्यासही मनाई आहे. आपल्या घरी राहणारे कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसून परवानाधारक, म्हणजे लिव्ह अँड लायसन्स कराराने घर वापरण्याची परवानगी मिळालेले, आहेत, या शब्दावर विसंबून तो धोका पत्करू नका. बंद घराचे कुलूप बदलल्यावर आतली एखादी वस्तू हरवल्याची तक्रार त्यांनी पोलिसांत दिली, तर आज न्याय मागणाऱ्या आपण उद्या आरोपांना उत्तरे देत बसाल.

योग्य मार्ग त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे. परवान्याची मुदत संपल्यावरही घर न सोडणाऱ्याविरुद्ध आपल्या विभागाच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांवर निर्णय देण्यासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो, आणि ताबा मिळेपर्यंतच्या काळासाठी करारातील भाड्याच्या दुप्पट दराने, म्हणजे आपल्या बाबतीत दरमहा २८,००० रुपये, नुकसानभरपाई मागता येते. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत समोरच्याने प्रतिज्ञापत्रासह बचावाची परवानगी मागायची असते. ती मागितली नाही, तर अर्जातील आपले म्हणणे त्याने मान्य केले असे धरले जाते. दिवाणी न्यायालयातील वर्षानुवर्षांच्या दाव्यापेक्षा ही वाट निश्चितच जवळची आहे.

अर्जापूर्वी स्पीड पोस्टाने लेखी नोटीस पाठवा आणि तिच्यात मुदत संपल्याची तारीख, थकलेली रक्कम व घर रिकामे करण्याचा दिवस स्पष्ट लिहा. यापुढे ते जी रक्कम देतील, तिची पावती ‘मुदतीनंतरच्या वापराची भरपाई, माझे सर्व हक्क अबाधित ठेवून’ अशा शब्दांत द्या. साधी भाड्याची पावती दिली, तर आपण मुदत वाढवून दिली असे म्हणायला त्यांना जागा मिळते. अनामत मात्र किल्ल्या हाती आल्याशिवाय आणि थकबाकीचा हिशेब झाल्याशिवाय परत करू नका.

परीक्षेचे कारण खरे असेल आणि ती महिनाभरावर आली असेल, तर तेवढा वेळ द्यावा, असे माझे मत आहे. शाळकरी मुलाला ऐन परीक्षेत बिऱ्हाड हलवायला लावू नये. मात्र घर सोडण्याची तारीख आणि थकबाकी फेडण्याचे हप्ते नमूद केलेले हमीपत्र पती-पत्नी दोघांच्या सह्यांनिशी घ्या. ती तारीख उलटली, तर दुसऱ्याच दिवशी वकिलांकडे जा.

प्रश्न : करार बारा महिन्यांपेक्षा कमी असेल तर नोंदणी लागत नाही, असे सांगून आमचा एजंट दरवेळी स्टँप पेपरवर नोटरी करून देतो. हे चालते का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : महाराष्ट्रात चालत नाही, आणि या एका गैरसमजाने अनेक घरमालकांची झोप उडवली आहे. वर सांगितलेल्या भाडे नियंत्रण अधिनियमाच्याच कलम ५५ नुसार मुदत कितीही असली, तरी लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. ही जबाबदारी एजंटची नव्हे, घरमालकाची आहे आणि ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून मोठी अडचण अशी, की वाद झाल्यास घर कोणत्या अटींवर दिले याबाबत राहणारा जे सांगेल ते, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत, खरे मानले जाते. वरच्या पत्रातल्यासारखे भाडे आणि अनामत असेल, तर वर्षभराच्या कराराचे मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के दराने फार तर पाचशे रुपये होते आणि शहरी भागात नोंदणी शुल्क एक हजार रुपये आहे. ही नोंदणी घरबसल्या ऑनलाइनही होते.

प्रश्न : भाडेकरूने तीन वर्षांत भिंती मळवल्या. रंगाचा सगळा खर्च अनामतीतून कापू का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नेहमीच्या वापराने रंग उतरणे ही झीज आहे, नुकसान नव्हे, तिचा खर्च मालकाने सोसावा. तुटलेले बेसिन, फुटलेली काच किंवा भिंतीला पाडलेली भोके यांचा खर्च बिले दाखवून जरूर कापावा. पुढच्या वेळी ताबा देताना प्रत्येक खोलीचे फोटो काढून, पंखे, गिझर, नळ यांची यादी दोघांच्या सह्यांनी कराराला जोडा, म्हणजे हा प्रश्न फोटो पाहूनच सुटेल.