विचारा की बिनधास्त: एड शीरनचं पेडल, पप्पांचं लोन आणि स्टॅम्पपेपरवरची सही

मागच्या अंकात एका उत्तरात एड शीरनच्या पुण्याच्या शोचा नुसता उल्लेख केला होता, तर ह्या महिन्यात निम्मे मेसेज त्याच्यावरच. गाणी लिहिणारी पोरं कोल्हापुरात इतकी आहेत हे मला पण माहीत नव्हतं. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, त्यातले पाच प्रश्न घेतोय.

दादा, ३० जानेवारी २०२५ च्या पुण्याच्या शोला आम्ही चौघं कोल्हापुरातनं गेलो होतो. स्टेजवर एकटा माणूस, हातात गिटार, पायाशी एक बॉक्स आणि आवाज दहा जणांचा! मित्र म्हणतोय मागनं रेकॉर्डिंग वाजत होतं, मी म्हणतोय नाही. मिसळीची पैज लागलीय. आणि एवढा साधा दिसणारा माणूस जगात एवढा मोठा झाला कसा?
— एक वाचक, शाहूपुरी

मिसळ तुमची, कट जादा मागून घ्या. त्या बॉक्सला लूप पेडल म्हणतात. पायानं दाबलं की रेकॉर्डिंग सुरू होतं, मग तो गिटारच्या लाकडावर तळव्यानं ठोके देतो, परत दाबलं की ते ठोके गोल गोल वाजत राहतात, त्यावर तारा वाजवायच्या, त्या पण फिरायला लागल्या की त्यावर आवाजाचा एक थर, अजून एक थर, आणि मग ह्या सगळ्यावर मेन गाणं. आधी भरून ठेवलेलं काही नसतं, सगळं तिथंच तुमच्यासमोर तयार होतं आणि गाणं संपलं की पुसून जातं. आपल्या शाहिराच्या मागं झीलकरी असतात ना, ह्यानं आपल्याच आवाजाचे झीलकरी केलेत. सोपं वाटतं पण पहिला ठोका जरा जरी मागंपुढं झाला तर अख्खं गाणं शेवटपर्यंत लंगडत राहतं, आणि हजारो लोकांपुढं ते लपवता येत नाही. त्याची बरीच गाणी तीन-चार कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांच्या त्याच त्या जुडग्यांवर, का फिरतात ते पण ह्यातनंच कळतं, तोच तुकडा परत परत फिरणार म्हटल्यावर चाल तशीच बांधावी लागते.

आता मोठा कसा झाला. फ्रॅमलिंगहॅम म्हणून इंग्लंडात सफोकमध्ये एक छोटं गाव आहे, तिथं वाढला. लहानपणी बोलताना अडखळायचा, रॅपचा एक अख्खा अल्बम पाठ करून त्यानं ते अडखळणं घालवलं. विशीच्या आत लंडनला गेला. २००९ ह्या एका वर्षात ३१२ कार्यक्रम केले म्हणतात. कार्यक्रम म्हणजे पबच्या कोपऱ्यात, समोर पाचदहा माणसं, त्यातली निम्मी पाठ फिरवून बसलेली. राहायला जागा नाही, कुणाच्या सोफ्यावर झोप, कधी रात्रभर लोकल ट्रेनमध्येच. २०१० ला ओळखपाळख नसताना अमेरिकेत जाऊन ओपन माइकला, म्हणजे कुणीही येऊन गावं अशा कार्यक्रमात, गायला. जानेवारी २०११ मध्ये म्युझिक कंपनी पाठीशी नसताना स्वतःच एक ईपी, म्हणजे छोटा अल्बम, काढली, ती चालली, मग कंपनी आली. त्याच वर्षी सप्टेंबरला पहिला अल्बम ब्रिटनमध्ये एक नंबरला. २०१३ ला टेलर स्विफ्टच्या अमेरिकेतल्या टूरमध्ये तिच्या आधी गायला, २०१५ च्या जुलैत वेम्बली स्टेडियम सलग तीन रात्री एकट्यानं भरवलं, आणि २०१७ ते २०१९ ची टूर झाली २५५ शोंची, जवळजवळ ८९ लाख तिकिटं.

लोकांना वेम्बली दिसतं, मला तो ३१२ चा आकडा दिसतो. कारण खरा प्रश्न असा हाय की आपल्या पोरानं कोल्हापुरात ३१२ सोडा, वर्षात बारा वेळा तरी स्वतःचं, कुणी कधी न ऐकलेलं गाणं कुठं गायचं? गळ्यांचा आपल्याकडं कधीच दुष्काळ नव्हता. अल्लादियाखाँसाहेब ह्याच गावात दरबारी गायक होते, गाण्याची संस्था असलेला देवल क्लब १८८३ पासूनचा, शाहू महाराजांनी १९१५ ला पॅलेस थिएटर बांधलं, तेच आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं तेव्हा निम्मं गाव रडलं. म्हणजे गाणाऱ्याला जागा लागते आणि समोर कान लागतात हे शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं आपल्याला. आता गणपतीत ऑर्केस्ट्रा, हळदीला डीजे, कॅफेत गिटारवर तीच ती पंधरा हिंदी गाणी. पोरानं ‘हे माझं स्वतःचं’ म्हटलं की समोरचा मोबाईल काढतो. मग पोरगं पण फर्माईशी गायला लागतं, पैसे त्याचेच मिळतात, त्याला तरी काय दोष द्यायचा. तुम्ही चौघं पुण्याला पेट्रोल जाळून गेलात ते मस्तच केलंत, आता गावातल्या एखाद्या पोराचं नवीन गाणं मोबाईल खिशात ठेवून ऐका की राव.

मी गाणी लिहितो आणि गातो. घरी स्टुडिओ करायचाय. मायक्रोफोन, मॉनिटर स्पीकर, साउंडकार्ड, भिंतीचं फोम असं सगळं धरून बजेट दोन लाखावर जातंय. पप्पा लोन काढायला तयार आहेत. कुठला मायक्रोफोन घेऊ?
— एक कॉलेजकुमार, कळंबा

आधी पप्पांना बँकेतनं माघारी बोलवा.

बिली आयलिशचं पहिलं गाजलेलं गाणं लॉस एंजेलिसमध्ये भावाच्या बेडरूममध्ये रेकॉर्ड झालं. भावानं आपल्या बँडसाठी लिहिलं होतं, हिनं डान्सच्या टीचरसाठी म्हणून गायलं, नोव्हेंबर २०१५ मध्ये साउंडक्लाउड ह्या गाणी टाकायच्या साइटवर टाकलं तेव्हा ती तेरा वर्षांची होती. पहिला अल्बम पण बहुतेक त्याच खोलीत झाला आणि जानेवारी २०२० मध्ये ग्रॅमीचे चारही मोठे अवॉर्ड एका रात्रीत घेऊन गेली, वय अठरा. आता आईबाप कलाकार, भाऊ असला तयारीचा, हे सगळ्यांच्या नशिबी नसतं हे कबूल. पण खोली साधीच होती.

एक बरा मायक्रोफोन, दोन चॅनेलचं साउंडकार्ड, कानावरचा हेडफोन, बास. पंखा बंद करा, गाद्या-रजया भिंतीला उभ्या लावा, आणि कपड्यानं भरलेलं कपाट उघडं ठेवून त्याच्याकडं तोंड करून गा, आवाज घुमत नाही. गाणी किती लिहून झालीत ते तुम्ही कुठंच सांगितलं नाही. शीरन म्हणतो तसं, बंद पडलेला नळ सोडला की आधी गढूळ पाणी येतं, ते वाहून जाऊ द्यावं लागतं. थेट पाइपलाइनची वाट बघत अर्धं आयुष्य काढलेल्या कोल्हापूरकराला हे वेगळं समजवायला नको. पहिली वीसपंचवीस गाणी त्या गढूळ पाण्यातच जाणार, ती मोबाईलवर रेकॉर्ड केली तरी चालतात.

एका म्युझिक कंपनीनं माझं गाणं घेतो म्हणून सांगितलंय. शब्द, चाल, आवाज सगळं माझं. ते व्हिडिओ करणार, मी पंचवीस हजार भरायचे आणि शंभराच्या स्टॅम्पवर ‘सर्व हक्क कायमस्वरूपी देत आहे’ म्हणून सही करायची. म्हणतात सगळे असंच करतात. करू का?
— एक गायिका, जयसिंगपूर

नको. पैसे पण तुम्ही द्यायचे आणि गाणं पण तुम्हीच द्यायचं, हा कुठला व्यवहार?

हे नीट समजून घ्या, कारण पोरं इथंच फसतात. एका गाण्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे शब्द आणि चाल, ती लिहिणाऱ्याची आणि बांधणाऱ्याची. दुसरी म्हणजे त्याचं रेकॉर्डिंग, ज्याला मास्टर म्हणतात, ते साधारण ज्यानं खर्च केला त्याचं. टेलर स्विफ्टचं उदाहरण घ्या. २०१९ मध्ये तिची जुनी कंपनीच विकली गेली, त्यात तिच्या पहिल्या सहा अल्बमचे मास्टर पण गेले आणि ती नुसती बघत राहिली. पण गाणी लिहिलेली तिची स्वतःची होती, म्हणून तिला ती परत रेकॉर्ड करता आली. २०२१ पासून एकेक करत चार अल्बम तिनं नव्यानं गाऊन काढले, फॅन लोकांनी जुने सोडून नवे ऐकले, आणि मे २०२५ मध्ये ते जुने मास्टर पण तिनं विकत घेतले. लिहिण्याचा हक्क हातात नसता तर यातलं काहीच झालं नसतं. तुमच्यासमोरच्या कागदावर दोन्ही जातंय.

आपल्या देशातला कायदा तुमच्या बाजूचा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ ला दुरुस्ती झाली, त्यात गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा कुणाला लिहूनच देता येत नाही असं केलंय, वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून. म्हणजे ‘रॉयल्टी मागणार नाही’ अशी ओळ घातली तरी ती टिकत नाही. शिवाय करारात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, कुठल्या देशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत. म्हणूनच तर ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जगासाठी’ हे दोन शब्द ते आठवणीनं घालतात! तेवढे दोन शब्द खोडा, मुदत तीन-पाच वर्षं लिहा, तुमचा टक्का आकड्यात लिहा आणि कागद परत पाठवा. ‘सगळे असंच करतात’ म्हणाले तर फोन ठेवा. आणि गाणं बाहेर पडलं की आयपीआरएसचं मेंबर व्हा, गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी सोसायटी आहे ती.

अजून एक सवय लावून घ्या. चाल सुचत असताना मोबाईलवर जे गुणगुणता, त्या क्लिप डिलीट करू नका, तारखेसकट राहू देत. शीरनवर चाल चोरल्याची केस झाली होती, एप्रिल २०२२ मध्ये लंडनच्या हायकोर्टात तो जिंकला, पण आता गाणं लिहायला बसला की कॅमेरा चालू ठेवतो म्हणून त्यानंच सांगितलंय. तुमच्याकडं निदान क्लिप तरी असूद्यात.

मराठीत गाऊन इंटरनॅशनल होता येतं का? मित्र म्हणतात इंग्लिशमध्ये लिही. माझं इंग्लिश बेताचंच आहे.
— एक वाचक, इचलकरंजी

बेताचं आहे तर लिहू नका, सिंपल. बॅड बनी पोर्तो रिकोचा, सुपरमार्केटमध्ये गिऱ्हाइकांच्या पिशव्या भरायचा आणि साउंडक्लाउडवर गाणी टाकायचा. स्पॅनिशमध्ये गातो, तेही तिकडच्या गल्लीतल्या स्पॅनिशमध्ये. २०२०, २०२१ आणि २०२२, तिन्ही वर्षं स्पॉटिफायवर जगात सगळ्यात जास्त ऐकलेला कलाकार तोच. पण उगंच हरभऱ्याच्या झाडावर चढवत नाही तुम्हाला, स्पॅनिश बोलणारे वीस देशांत पसरलेत, आणि मराठी मातृभाषा असणारे २०११ च्या जनगणनेत सव्वाआठ कोटी. तरी सव्वाआठ कोटी म्हणजे काय थोडे झाले काय? जळगावकडचा संजू राठोड स्वतः लिहून स्वतः गातो, २०२४ ला त्याच्या मराठी गाण्यावर मराठीचा गंध नसलेली माणसं नाचत होती.

माझं मत विचाराल तर भाषेपेक्षा गाण्यात गाव दिसलं पाहिजे. हनुमानकाइंड रॅप इंग्लिशमध्ये करतो, पण २०२४ ला जगभर गाजलेला त्याचा व्हिडिओ कशात शूट केलाय बघा, केरळातल्या जत्रेतल्या मौत का कुआँमध्ये! लाकडी फळ्यांवरनं गाड्या फिरतायत आणि मधोमध हा उभा. अमेरिकेतल्या पोरांनी असलं काही आयुष्यात बघितलं नव्हतं. तुमच्या इचलकरंजीत रात्रभर यंत्रमागाचा खडखडाट चालतो, तो ताल कुठल्या ॲपमध्ये मिळत नाही. उद्या पहाटे मोबाईल घेऊन एखाद्या कारखान्यात जा, मालकाला विचारून रेकॉर्ड करा आणि त्यावर काही बसतंय का बघा.

मुलगी इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाणी छान करते, पण आता म्हणते कॉलेज सोडून मुंबईला जाते, एड शीरनने पण शिक्षण सोडलं होतं. तिचे बाबा दोन आठवडे तिच्याशी बोलले नाहीत. मी मधल्यामध्ये अडकलीय.
— एक आई, राजारामपुरी

ताई, शीरननं सोडलं हे खरं, पण सोडून गेलेल्या बाकीच्यांची नावं आपल्याला कुणी सांगत नाही. तिला प्रतीक कुहाडचं सांगा. जयपूरचा मुलगा, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत गणित आणि अर्थशास्त्र शिकला, मग परत येऊन पूर्णवेळ गाणी. ओबामांच्या २०१९ च्या आवडत्या गाण्यांच्या यादीत त्याचं गाणं होतं आणि २०२० ला अमेरिकेतल्या मोठ्या म्युझिक कंपनीनं त्याला घेतलं. डिग्री आड आली नाही.

दोन वर्षं राहिलीत, ती संपू देत, पण ह्या दोन वर्षांत तिला घरातनं अडवू नका ही अट बाबांना घाला. महिन्याला एक नवीन गाणं आणि एक कार्यक्रम, कॉलेजचं गॅदरिंग असो, युवा महोत्सव असो नाहीतर दहा खुर्च्यांचा कॅफे. जायला-यायला रात्र होते म्हणून नको म्हणायचं नाही, बाबांनी गाडी काढून न्यायचं आणि मागं बसून ऐकायचं. बोलणं कसं सुरू करायचं हा प्रश्न त्यातच सुटतो बहुतेक. दोन वर्षांनी तिच्याकडं वीसएक गाणी असतील आणि अनोळखी लोकांपुढं गायची सवय झालेली असेल, मग मुंबईला जाऊ दे की खुशाल. आत्ता गेली तर भाडं भरायला जी नोकरी करावी लागेल त्यात गाणंच राहील बाजूला.

एक छोटा प्रश्न. माझं गाणं स्पॉटिफायवर चार महिन्यांपूर्वी टाकलं, ६४० वेळा ऐकलंय लोकांनी. पैसे कधी येणार?
— एक वाचक, गडहिंग्लज

पाच म्हणालो होतो, हा सहावा, पण तुमचा विचारायचा निवांतपणा आवडला. भावा, आत्ता काही येत नाहीत. २०२४ पासून त्यांचा नियम असा हाय की मागच्या बारा महिन्यांत हजार स्ट्रीम, म्हणजे हजार वेळा ऐकणं, झाल्याशिवाय त्या गाण्याची रॉयल्टी धरत नाहीत. हजार झाले तरी हातात चहाचे पैसे येतील. पुढचं गाणं टाकताना डिस्ट्रिब्युटरकडं, म्हणजे गाणं ॲपवर पोचवणाऱ्या कंपनीकडं, निदान तीन-चार आठवडे आधी द्या आणि रिलीजच्या सात दिवस आधी तरी स्पॉटिफायच्या आर्टिस्ट ॲपमधनं त्यांच्या प्लेलिस्टसाठी पाठवा, फुकट असतं. तुम्ही रात्री गाणं संपवून सकाळी टाकून मोकळे झाला असणार, गडहिंग्लजचे आहात म्हटल्यावर. तारीख ठरली की मला पण लिंक पाठवा.