वाचक विचारतात : पॉप-अप कॅम्परमध्ये आधी काय बदलायचं?

प्रश्न : आम्ही दोघं डेन्व्हरला असतो. हाफ-टन, म्हणजे हलक्या वर्गातल्या पिकअप ट्रकच्या हौद्यात बसणारा जुना पॉप-अप कॅम्पर घेतलाय, छप्पर वर ढकललं की कापडी भिंती उभ्या राहतात तो. ऑक्टोबरमध्ये लेडव्हिलच्या बाजूला गेलो, रात्री छोटा गॅस हीटर लावून झोपलो तर सकाळी भिंतींवरून पाणी ओघळत होतं आणि गादी खालून ओलीचिंब. आता मोठा हीटर, दोन लिथियम बॅटऱ्या, फ्रिज, सोलर असं सगळं एकदमच करून घ्यावं म्हणतोय. जूनमध्ये आई-बाबा पुण्याहून येतायत, त्यांनाही न्यायचंय. सुरुवात कशापासून करू? दारातल्या स्टिकरवर पेलोड, म्हणजे गाडीवर जास्तीत जास्त चढवता येणारं वजन, १,५२० पाउंड आहे, कॅम्पर रिकामा ९५० पाउंड.

उत्तर : स्टिकरवरचा आकडा पाठवलात हे फार बरं केलंत, कारण सुरुवात तिथूनच करायचीय. पेलोडमध्ये ड्रायव्हरसकट गाडीत बसणारं प्रत्येक माणूस धरायचं असतं. तुम्हा दोघांचे मिळून ३१० पाउंड धरले तर कॅम्परसकट झाले १,२६०, उरले २६०. आता पाणी बघा, एका गॅलनला साधारण ८.३ पाउंड, म्हणजे वीस गॅलनची टाकी भरली की १६६ पाउंड तिथेच गेले आणि राहिलेल्या नव्वद-पंचाण्णव पाउंडांत गादी, गॅस, बॅटरी, फ्रिज, भांडी, किराणा सगळं बसवायचं. त्यात आई-बाबा बसले की पाण्याचा थेंब न भरता, एक वाटी न ठेवता मर्यादा ओलांडली जाते. आय-७० महामार्गावर आयझेनहॉवर बोगद्याकडून खाली उतरताना ब्रेकवर काय ताण येतो हे तुम्ही बघितलंच असेल, तिथे जास्तीचं वजन नकोच. म्हणून आई-बाबांना दुसऱ्या गाडीतून न्या आणि रात्री जवळच्या मोटेलमध्ये किंवा केबिनमध्ये झोपवा. तसंही कॅम्परमधल्या, ट्रकच्या टपावर येणाऱ्या बेडवर रात्री-अपरात्री चढउतार करणं त्यांना जड जाईल, आणि पुण्याहून आल्या आल्या थेट लेडव्हिलच्या दहा हजार फुटांवर नका नेऊ, आधी डेन्व्हरला चार-पाच दिवस राहू द्या. कॅम्परमध्ये दुपारी टेबलापाशी बसून सगळ्यांनी चहा घ्या, मजा तेवढीच येते.

आता ओलीचं. हीटर मोठा घेतल्याने ती जाणार नाही, आत्ताचा हीटरच ती वाढवतोय. एक किलो प्रोपेन गॅस जळला की १.६ किलोच्या आसपास पाणी वाफ होऊन बाहेर पडतं, आणि बिन-धुराड्याच्या हीटरमध्ये ही सगळी वाफ तुमच्या खोलीतच राहते, शिवाय तुमचे रात्रभराचे श्वास. ती गार कापडाला लागली की पाणी होणारच. आणि बंद जागेत असा हीटर लावून झोपणं जीवावर बेतू शकतं, त्यातून निघू शकणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा वास येत नाही. तो हीटर आजच बाजूला ठेवा, या वायूचा अलार्म लावा, मग पुढचं.

पहिला खर्च छतातल्या व्हेंट फॅनवर करा. चौदा बाय चौदा इंचाचं भोक हे तिकडे ठरलेलंच माप आहे, बऱ्याच जुन्या कॅम्परमध्ये साधी झडप त्याच मापाची असते, ती काढून फॅन बसतो. रात्री तो अगदी हळू, हवा बाहेर फेकेल असा ठेवायचा आणि समोरच्या टोकाची झिपची खिडकी चार बोटं उघडी. थंडीत खिडकी उघडी ठेवायची हे मनाला पटत नाही खरं, पण कोरड्या हवेत कमी उबेतही झोप चांगली लागते. गादीच्या खाली प्लायवूड असेल तर मधे काथ्याची जाळीदार चटई किंवा लाकडी पट्ट्या टाका, खालून हवा फिरली की बुरशी धरत नाही. कापडी भिंतींना आतून चमकत्या बबल-फॉइलचे पडदे कापून वेल्क्रोने लावा, पण कापडाला चिकटवू नका, मधे बोटभर हवा राहिली तरच त्याचा उपयोग. आणि भिंत ओली असताना छप्पर बंद करावं लागलं तर घरी पोचल्यावर त्याच दिवशी परत उघडून वाळवायचं, यात आळस केला की काळे डाग पडतात आणि ते निघत नाहीत.

हे झालं की डिझेल हीटर घ्या, हवा बाहेरून घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा. तुम्ही मुळात पाच हजार फुटांच्या वर राहता, त्यामुळे उंचीप्रमाणे इंधन कमी करणारंच मॉडेल घ्या, नाहीतर विरळ हवेत काजळी धरून तो बंद पडतो. धुराचा पाइप खिडकीखाली येणार नाही हे बसवतानाच बघा.

प्रश्न : आणि बॅटरी दोन की एक?

उत्तर : एकच. शंभर अँपिअर-अवरची (हे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) लिथियम बॅटरी पंचवीस-तीस पाउंडांत येते आणि जवळजवळ पूर्ण वापरता येते, लेड-अॅसिड मात्र निम्मीच वापरावी. छोटा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला तीस-पन्नास अँपिअर-अवर खातो, शंभर वॉटचं पॅनेल चांगल्या उन्हात तीसेक परत देतं, बाकी गाडी चालताना डीसी-डीसी चार्जरमधून, म्हणजे गाडीच्या विजेवर ही बॅटरी भरणाऱ्या चार्जरमधून, भरून निघतं. फक्त ही बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते, म्हणून ती बाहेरच्या कप्प्यात न ठेवता आत, बेडखाली ठेवा. पॅनेल छतावर चढवण्याआधी ते छप्पर रोज कोण उचलणार आहे त्याला विचारा, कारण छप्पर उचलायला मदत करणारे गॅसचे दांडे थंडीत ढिले पडतात आणि सगळा भार हातावर येतो.

प्रश्न : न्यू जर्सीहून लिहितेय. भाड्याचा पॉप-अप कॅम्पर घेऊन यलोस्टोनला जातोय, आत वरण-भात, फोडणी वगैरे करता येईल का?

उत्तर : कुकर नक्की न्या ताई. दहा हजार फुटांवर पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं, यलोस्टोन त्याहून खाली असलं तरी साध्या पातेल्यात डाळ शिजायला फार वेळ घेते. पण शिट्ट्या आणि फोडणी दोन्ही बाहेरच्या टेबलावर, कारण हिंग-मोहरीचा वास कापडात मुरतो आणि तो भाग अस्वलांचा आहे. जेवण झालं की भांडी, उरलेलं अन्न, अगदी टूथपेस्टसुद्धा गाडीच्या बंद केबिनमध्ये काचा लावून ठेवायची, कापडी भिंतींच्या आत काहीच नाही. आणि तिथल्या फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कमध्ये (राहण्याच्या गाड्या उभ्या करायच्या तळावर) ग्रिझली अस्वलांमुळे फक्त टणक भिंतींच्या गाड्या घेतात, कापडी भिंतीचा पॉप-अप चालत नाही, तेव्हा बुकिंग दुसऱ्या कॅम्पग्राउंडचं करा आणि ते आत्ताच करा, उन्हाळ्यात जागा पटापट भरतात.