बाबा भर उन्हात जातात, काही केल्या ऐकत नाहीत, काय करू?

फेब्रुवारी सरत आला, काजूचे बोंडू पडायला लागले की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्यांची ही तक्रार सुरू होते आणि पार पावसापर्यंत चालते. "मॅडम, आमचे बाबा ऐकतच नाहीत हो, ऐन दुपारचे भाटात जातात, टोपी नको, क्रीम नको, बोललं की चिडतात." कधी बाबांच्या जागी आई असते आणि भाटाच्या, म्हणजे बागायतीच्या, जागी गच्ची, पुरुमेताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, सोलं आणि मिरच्या वाळत घातलेल्या असतात आणि आई बारा वाजता त्या परतत बसलेली असते. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, गोव्यात कुठूनही फोन येऊ दे, वाक्यं जवळपास तीच. म्हणून आज एका घराची गोष्ट सांगते, नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्यात आणि त्यांनी लिहायला परवानगी दिलीय.

सुलक्षा पहिल्यांदा एकटीच आली. लग्न होऊन मडगावला असते, वडील, म्हणजे आबा, ७६ वर्षांचे, डिचोलीकडे भावाच्या कुटुंबासोबत राहतात. आई दोन वर्षांपूर्वी गेली. सुलक्षाने महागातलं सनस्क्रीन आणून दिलं होतं, ते कपाटावर तसंच पडून, रुंद काठाची टोपी आणली तर आबा म्हणाले मी काय कळंगुटचा टुरिस्ट? रोज दुपारी एक वाजता ती फोन करायची, कुठे आहात, टोपी घातली का, पाणी प्यालात का. हल्ली आबा तो फोन उचलतच नव्हते.

मी तिला विचारलं, "त्यांनी टोपी नाही घातली तर काय होईल असं तुला वाटतं?"

"काहीतरी होईल आणि मला कळणारही नाही. आईच्या वेळी तसंच झालं ना."

"आणि मग?"

"मग मी स्वतःला कधीच माफ करू शकणार नाही."

थोडा वेळ ती काही बोललीच नाही, मग म्हणाली, "म्हणजे मी त्यांना टोपी माझ्यासाठी घालायला सांगतेय."

हे ती स्वतःहून बोलली, मी सुचवलं नव्हतं. माझी कामाची पद्धत हीच आहे, माणसाला त्रास देते ती काळजी नव्हे, काळजीला चिकटलेला हट्ट त्रास देतो यावर माझा पक्का विश्वास आहे. बाबा नीट राहावेत ही इच्छा आहे आणि ती कितीही तीव्र असू दे, चांगलीच आहे. त्यांनी माझं ऐकलंच पाहिजे, नाहीतर मी नालायक मुलगी, हा हट्ट. या हट्टाने केलेला फोन समोरच्याला पोलिसाच्या चौकशीसारखा लागतो, आणि ७६ वर्षांच्या माणसाला, ज्याने सगळं आयुष्य घर चालवलं, त्याला चौकशी नको असते.

पुढच्या वेळी आबा आले, मुलगा प्रसाद गाडी घेऊन आला होता. आबा हाताची घडी घालून बसले आणि आल्या आल्या सांगून टाकलं, "म्हाका कांय जायना (मला काही होत नाही). पन्नास वर्षं उन्हात काढलीत." मी उन्हाचा विषयच काढला नाही. म्हटलं आबा, कालचा दिवस सांगा मला, सकाळी उठल्यापासून, घड्याळ धरून. इतक्या वर्षांत माझ्या हाताला लागलेला सगळ्यात कामाचा प्रश्न हाच आहे असं मी म्हणेन, माणूस का असं वागतो हे विचारलं की तो वकिली करतो, आणि दिवस विचारला की खरं बोलतो.

आबांनी सांगितलं. पाचला उठतो. चहा. आंघोळ, पूजा. साडेसातला नातवाला तयार करायचं, आठला त्याची स्कूलबस, ती नाक्यावर येते तिथे नेऊन सोडायचं. परत येऊन नाश्ता आणि गोळ्या. मग पदेर (पाववाला), मग नुस्तेवाली (मासेवाली), सून ऑफिसला जाते म्हणून मासळी घेऊन ठेवायची. मग गॅसवाला यायचा असला तर थांबायचं. "हे सगळं आटपून भाटात पोचेपर्यंत साडेदहा होतात. बोंडू खाली पडून कुजायला ठेवू काय?"

मी विचारलं, "पूर्वी किती वाजता जायचात?"

"ही होती तेव्हा? सहाला. नऊ-साडेनऊला घरी. उन्हात कोण मरायला जातो गो?"

प्रसाद मान खाली घालून बसला होता. सुलक्षा आबांकडे बघत राहिली. घरात वर्षभर भांडण चाललं होतं की आबा हट्टाने उन्हात जातात, आणि आबांना उन्हात नेलं होतं घराच्याच वेळापत्रकाने. आई असताना बस, मासळी, गॅस हे सगळं ती बघायची. ती गेल्यावर ही कामं कुणी वाटून घेतली नाहीत, आपोआप आबांकडे सरकली, आणि आबांनी तक्रार केली नाही कारण आपण अजून उपयोगी आहोत ही भावना त्यांना हवी होती. मुलांनी अक्षरशः महिनोन् महिने टोपीवर वाद घातला, दिवसाबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. मला त्या क्षणी फार समाधान वाटलं हे लपवत नाही, कारण तिथून पुढे मला काही पटवावं लागलं नाही. प्रसाद म्हणाला बसला मी सोडतो. मासळी शनिवार-रविवारी घेऊन फ्रीजमध्ये ठेवू असं सुनेने कळवलं, आबांना ते फारसं रुचलं नाही, ताजी मासळी ती ताजी, पण दोन दिवस ताजी आणि बाकी फ्रीजची यावर मिटलं. आणि आबा परत सहाला भाटात जायला लागले.

आता यातलं जे सगळ्यांच्या कामाचं आहे ते सांगते. वयस्कर माणसाला उन्हापासून वाचवायचं तर पहिलं हत्यार घड्याळ आहे, क्रीम नंतर. सकाळी दहा ते दुपारी चार टाळायचे. आपल्याकडे सूर्य सगळ्यात वर येतो तो घड्याळातल्या बाराला नव्हे, साधारण साडेबारा-पाऊणला, आणि एप्रिल संपताना, मेच्या सुरवातीला तर तो गोव्यात बरोबर डोक्यावर असतो. गरम किती होतंय यावरून ऊन मोजू नका, समुद्राचा वारा सुटला की बरं वाटतं पण कातडी भाजणारे अतिनील किरण तेवढेच असतात, पातळ ढगांतून सुद्धा त्यातले बरेचसे खाली येतात. सोपी खूण म्हणजे आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की सावलीत यायचं. सोलं, मिरच्या सकाळी पसरा आणि चारनंतर गोळा करा, मधे परतायला गच्चीवर जाऊ नका.

दुसरं हत्यार कपडे. आबा बनियनवर काम करायचे, पातळ पांढरा बनियन घामाने भिजला की ऊन फारच कमी अडवतो. जुना, घट्ट विणीचा, लांब बाह्यांचा गडद शर्ट केव्हाही बरा. टोपीचं मी त्यांच्यावरच सोडलं. ते म्हणाले पंचा बांधतो, पण कान आणि मान झाकेल असा, आमचे वडील बांधायचे तसा. मला तर तो टुरिस्ट टोपीपेक्षा जास्त आवडला, कारण साध्या कॅपने फक्त कपाळ झाकतं आणि कान, मान उघडी राहते.

सनस्क्रीन उरलेल्या भागाला, चेहरा, कान, हाताच्या पाठी. एसपीएफ ३० किंवा वर, आणि यूव्हीए-यूव्हीबी हे दोन्ही प्रकारचे अतिनील किरण अडवणारं. चेहरा आणि मानेला दोन बोटांवर लांब ओढलेल्या रेघांइतकं लागतं, लोक वाटाण्याएवढं लावतात आणि उपयोग नाही म्हणतात. बाहेर असाल तर दर दोन तासांनी परत लावायचं, घाम आला तर आधीच. घामाबरोबर डोळ्यात जातं ही आबांची तक्रार खरी होती, त्यावर पापण्यांजवळ न लावणं आणि चांगला चष्मा हाच उपाय, मोतीबिंदूमागेही ऊन हे एक कारण असतंच.

आपण सावळे, आपल्याला काही होत नाही हे मी फार ऐकते. गडद कातडीला थोडं संरक्षण असतं हे खरं, म्हणून आपल्यात कातडीचा कॅन्सर कमी दिसतो, पण कमी म्हणजे अजिबात नाही असं नव्हे, आणि उशिरा लक्षात येतो तो याच समजुतीमुळे. वय झालं की कातडी पातळ होते, झालेली इजा भरायला वेळ लागतो, तहान कमी लागते. त्यात गोळ्या. सुलक्षाने आबांच्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांना दाखवली तर बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड होतं, त्याने कातडी उन्हाला जास्त हळवी होते. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. काही हृदयाच्या गोळ्या, काही अँटिबायोटिक्स यांचंही असंच असतं, पण मनाने गोळी बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. आणि ड जीवनसत्त्वासाठी दुपारी उन्हात बसवू नका, वयस्कर कातडी ते तसंही कमी बनवते, रक्त तपासून डॉक्टर सांगतील ते घेणं सोयीचं.

सुलक्षाचं काम मात्र अजून बाकी होतं. तिने एकचा फोन बंद केला आणि संध्याकाळी करायला लागली, आणि टोपीऐवजी विचारायची, आज बोंडू किती पडले, माकडं आली होती का. ही तिला जमायला सोपी गोष्ट नव्हती, पहिले काही दिवस ती फोन ठेवून रडायची असं तिने सांगितलं. आणि मग एका संध्याकाळी आबांनी स्वतःहून सांगितलं, "गो, कानावर एक खरखरीत आहे. खपली निघते, परत येते. गणपतीपासून आहे." गणपतीपासून! इतके महिने त्यांनी कुणाला दाखवलं नव्हतं, कारण दाखवलं असतं तर भाट बंद झालं असतं. चौकशी थांबली तेव्हा दाखवता आलं. मी या कामात शिकलेलं सगळं या एका फोनमध्ये आहे असं मला वाटतं.

बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजमध्ये, त्वचारोग ओपीडीत दाखवलं. उन्हाने झालेला डाग होता, असे डाग काही जणांत पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतात, म्हणून तो गोठवून काढला आणि ठरावीक महिन्यांनी तपासायला बोलावलंय. भाट बंद झालं नाही.

तुमच्या घरी महिन्यातून एकदा, अंघोळीनंतर, चांगल्या उजेडात बघा, टक्कल, कान, नाक, ओठ, मान, हाताच्या पाठी, आणि तळपाय आणि नखं सुद्धा, तिथले काही डाग उन्हाशी संबंध नसताना होतात. चार आठवड्यांत न भरलेली जखम, परत परत येणारी खपली, रक्त येणारा किंवा वाढणारा, रंग-आकार बदलणारा तीळ, यातलं काहीही दिसलं तर घरगुती लेप लावत बसू नका, त्वचेच्या डॉक्टरकडे जा. आणि उन्हातून आलेलं वयस्कर माणूस असंबद्ध बोलायला लागलं किंवा अंग तापून चक्कर आली, तर तो थकवा समजून झोपवू नका, सावलीत घ्या, ओल्या कापडाने अंग पुसा, पंखा लावा आणि लगेच १०८ ला फोन करा.