वडिलांचा नकार कागदपत्रांत लपलेला असू शकतो

तुझा प्रश्न दोनदा वाचला. आई विड्या वळते आणि तू नर्स व्हावेस असा तिचा हट्ट आहे. वडील टॉवेलच्या कारखान्यात आहेत, ते ‘नाही’ म्हणत नाहीत, पण राखीव जागेसाठी लागणाऱ्या जातीच्या दाखल्याचा विषय निघाला की ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणून उठून जातात. आणि तुला स्वतःला काय हवे आहे, हे कोणी विचारलेलेच नाही. अशात पुढे काय करावे, असे तू विचारतेस. ‘पुढच्या आठवड्यात बघू’ हे शब्द वाचले आणि मी जागच्या जागी थांबले, कारण २००३ साली बारावी झाल्यावर आमच्या घरात हेच वाक्य पूर्ण उन्हाळाभर ऐकू येत होते. वयाने मोठी आहे म्हणून तुला ‘तू’ म्हणते, राग मानू नकोस.

बी.एस्सी. नर्सिंगची पदवी घ्यावी की जीएनएम ही पदविका, सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा केव्हा असते, गुण किती लागतात, हे तुला इतरांनी सांगितले असेलच, त्यात मी जात नाही. प्रवेशाचे नियम बदलत असतात, तेव्हा त्या वर्षीची माहितीपुस्तिकाच प्रमाण मान. मी स्वतः नर्स आहे आणि लिहिते आहे तो माझ्या एका घराचा अनुभव आहे.

आमचे घर तेलुगू बोलणारे. आजोबा तेलंगणातून सोलापूरला गिरणीत कामाला आले, वडील यंत्रमागावर, आई विडी कारखान्यात. धाकट्या भावाच्या वेळी आईला सिव्हिलमध्ये दाखल केले होते, तेव्हा तिथल्या एका सिस्टरने रात्री डॉक्टरांना दोनदा बोलावून आणले होते आणि डॉक्टरांनी तिचे ऐकले होते, ही गोष्ट आई आयुष्यभर सांगत राहिली. बाईच्या सांगण्यावरून शिकलेला पुरुष धावत येतो, हे तिने तोवर पाहिलेच नव्हते. शिवाय कारखान्यात रोज वळलेल्या विड्यांतून ‘छाट’ काढली जायची, म्हणजे नापसंत विड्या बाजूला टाकून त्यांची मजुरी द्यायची नाही. आई म्हणायची, सिस्टरच्या कामात छाट नसते. माझा पेशा ठरला तो या एका वाक्यावर. आईने निवडले म्हणून ते चुकीचे होते, असे मी मुळीच म्हणणार नाही. अठराव्या वर्षी आपली आवड आपल्याला पक्की कळलेली असते, या समजुतीवर माझा फारसा विश्वास नाही.

आता माझी चूक सांगते. आईचा होकार मिळाला म्हणजे घरचा होकार मिळाला, असे मी धरून चालले. वडील गप्प होते आणि मी त्यांच्या गप्प राहण्याला संमती समजले. पण राखीव जागेसाठी लागणारे जातीचे पुरावे साधारणपणे वडिलांकडून येतात, आईकडून नाही. आम्ही विशेष मागास प्रवर्गात मोडतो. या प्रवर्गाला, तसेच इतर मागासवर्गालाही, १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी आपले घराणे महाराष्ट्रात राहत होते आणि त्याची जात हीच होती, हे वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकांच्या कागदांवरून दाखवावे लागते. आजोबा शाळेत गेले नव्हते. गिरणीच्या जुन्या कागदावर त्यांचे आणि त्यांच्या वडिलांचे नाव होते, आडनाव नव्हते, जातही नव्हती.

कार्यालयाचे नाव घेत नाही. तिथल्या खिडकीवर बसलेल्या गृहस्थांनी तो कागद उलटासुलटा करून पाहिला आणि ‘हा माणूस तुमचाच आजोबा कशावरून?’ असे विचारले. प्रश्न कायद्याने योग्यच होता. पण त्यांची रीत अशी होती की एका वेळी एकच त्रुटी सांगायची. प्रतिज्ञापत्र आणा म्हणाले, ते नेले. मग वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला आणा, तो नेला. मग त्यातील आडनावाची वेलांटी आणि शिधापत्रिकेवरची वेलांटी जुळत नाही, ती दुरुस्त करा. पहिल्याच दिवशी या सगळ्या गोष्टी एका कागदावर लिहून दिल्या असत्या, तर आमचे काम महिन्याभरात झाले असते, असे मला आजही वाटते. प्रत्येक फेरीला वडिलांचा एक खाडा पडायचा आणि खाड्याची मजुरी आम्हाला कोणी भरून देणार नव्हते.

प्रवेशाची मुदत संपली, माझे वर्ष गेले. ते वर्ष मी आईशेजारी बसून विड्या वळल्या. ओले पान पत्र्याच्या मापाने कापायचे, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळून तोंड नखाने आत दाबायचे आणि दोरा गुंडाळायचा. महिन्याभरात अंगठ्याच्या नखाची कड झिजून तिथे भेग पडली आणि तिच्यात तंबाखू झोंबू लागली. बरोबरीच्या मैत्रिणी एक वर्ष पुढे गेल्या, त्यांना सरकारी भरती मिळाली. माझा अभ्यासक्रम पूर्ण झाला तेव्हा भरती बंद होती. म्हणून मी आजही खासगी रुग्णालयात आहे. एका वर्षाची किंमत एका वर्षाएवढीच असते, असे समजू नकोस.

कित्येक वर्षे मी या सगळ्याचा दोष त्या खिडकीला दिला. पुढे कळले की वडील सुरुवातीच्या तीन फेऱ्या खरोखर गेले होते, आणि नंतर ‘साहेब नव्हते’ असे सांगून आले त्या दोन दिवशी ते तिकडे गेलेच नव्हते. हे त्यांनीच मला सांगितले. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी नाइट ड्यूटी करून सकाळी घरी आले, तेव्हा तेही रात्रपाळी संपवून उंबऱ्यावर चहा घेत बसले होते. त्यांनी विचारले, ‘खिडकीला काळे कापड लावलेस का? दुपारी दोनला पत्रा तापला की झोप उडते.’ मग थोड्या वेळाने म्हणाले, ‘मी तीस वर्षे रात्रपाळी केली. मला निदान तुझी आई दुपारी झोपू द्यायची. तुला सासरी दुपारी कोण झोपू देईल, हे मला कळत नव्हते.’ मला वाटत होते की नर्सच्या पेशाला लोक नावे ठेवतील म्हणून त्यांचा विरोध आहे. त्यांचा विरोध रात्रपाळीला होता, आणि आमच्या घरात रात्रपाळी म्हणजे काय हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नव्हते. मी एकदा समोर बसून ‘का नको?’ एवढे विचारले असते, तर ते वर्ष कदाचित वाचले असते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की दाखल्याच्या मागे लागण्याआधी तू वडिलांशी एकटीने बोल. आईला मध्ये घेऊ नकोस, कारण आई आली की ते पुन्हा गप्प होतील. त्यांना पटवायलाही जाऊ नकोस, आधी नुसते विचार. ‘नर्सशी लग्न कोण करणार’ असे निघालेच, तर आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी १९४१ साली चीनमध्ये गुओ छिंगलान या परिचारिकेशीच लग्न केले, एवढे सांगायला हरकत नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या घरीही आई आणि बहीण विरोधात होत्या, आणि १८५३ मध्ये वडिलांनी वर्षाला पाचशे पौंड बांधून दिले तेव्हा ती स्वतंत्रपणे काम करू शकली. आमच्या घरी नेमके उलटे होते, आई पुढे आणि वडील मागे. पण वाट मोकळी होण्यासाठी दोघांचाही हात लागतो.

आईचेही म्हणणे जसेच्या तसे घेऊ नकोस. तिने पाहिलेली सिस्टर खरी असते, पण तेवढीच पुरी नसते. बेडपॅन द्यावे लागते, मृत रुग्णाचे अंग पुसून त्याला नातेवाइकांच्या ताब्यात द्यावे लागते, चूक नसताना नातेवाइकांच्या शिव्या ऐकाव्या लागतात, आणि खासगी ठिकाणी सुरुवातीचा पगार ऐकून आईलाही धक्का बसेल. पहिल्याच पोस्टिंगमध्ये घरी परतलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि त्यांना कमकुवत म्हणणे मला पटत नाही. त्यांना आधी कोणी काही सांगितलेच नव्हते. ओळखीची एखादी सिस्टर असेल तर तिच्याशी तासभर बोल, आणि तेही तिची ड्यूटी संपल्यावर, कारण ड्यूटीवर कोणी खरे सांगत नाही.

कागदांबद्दल थोडे. आमचे अडलेले काम शेवटी आत्यामुळे झाले. तिच्या जन्माची नगरपालिकेच्या जुन्या नोंदवहीतली नोंद निघाली आणि तिच्यात आजोबांचे नाव आणि जात दोन्ही होती. तो उतारा तिच्या पेटीत कित्येक वर्षे पडून होता आणि मी भवानी पेठेत तिच्या घरी गेलेच नव्हते, कारण वडिलांना डावलून त्यांच्या बहिणीला विचारणे मला बरे वाटत नव्हते. तू काका, आत्या, चुलत भावंडे सगळ्यांना विचार. त्यांच्यापैकी कोणाकडे जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे जातीचा दाखला तपासून खरा ठरवल्याचा कागद, असेल तर तुझे काम फार सोपे होते. अर्ज दिला की तारखेसह पोच घे आणि त्रुटी लेखी माग. २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे, ठरलेल्या मुदतीत दाखला मिळाला नाही तर त्याखाली अपील करता येते. आमच्या वेळी हे नव्हते. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमीलेअर (घर उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला) हे तीन वेगळे कागद आहेत, एक मिळाला म्हणजे काम झाले असे समजू नकोस. आई नोंदीत विडी कामगार असेल तर विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती आहे, तिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरतात. आणि कोणत्याही संस्थेला नर्सिंग परिषदेची मान्यता आहे का ते पाहिल्याशिवाय तिला मूळ कागदपत्रे देऊ नकोस, एजंट कितीही घाई करो.

वडिलांची साप्ताहिक सुट्टी कोणत्या दिवशी असते ते पाहा आणि त्या दिवशी सकाळी, ते झोपून उठल्यावर, चहा तूच करून ने. त्यांचे काय म्हणणे पडले ते मला अवश्य कळव. ते ऐकून पुढे काय करायचे हे मी माझ्या परीने सांगेन.