भावफळा, साठा आणि खटला

प्रश्न : खानापूर तालुक्यात आमचे किराणा दुकान आहे. गेल्या महिन्यात आहार निरीक्षक तपासणीला आले, तेव्हा दुकानातल्या भाव-साठा दाखवणाऱ्या फळ्यावर तूरडाळ सहा क्विंटल लिहिलेली होती आणि मागच्या खोलीत नऊ क्विंटल निघाली. जास्तीची तीन क्विंटल आदल्या संध्याकाळी बेळगावच्या रविवार पेठेतून आली होती. फळ्यावरचा आकडा पुसून नवा लिहायचा राहून गेला. साहेबांनी कन्नडमध्ये पंचनामा केला, माझी सही घेतली आणि खटला भरू असे सांगून ते गेले. त्यांना तो अधिकार आहे काय? शिक्षा होईल काय? (एक दुकानदार)

उत्तर : अधिकार आहे, पण तो ज्या वाटेने वापरायचा ती वाट कायद्याने आखून दिलेली आहे. कर्नाटकात भाव आणि साठा दर्शविण्याचे बंधन 1981 च्या आदेशातून येते, आणि तो आदेश 1955 च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याच्या कलम 3 खाली काढलेला असल्यामुळे त्याचा भंग हा त्या कायद्याखालचा गुन्हा ठरतो. कलम 11 सांगते की, गुन्हा घडविणाऱ्या वस्तुस्थितीचा लेखी अहवाल लोकसेवकाने (म्हणजे सरकारी अधिकाऱ्याने), पीडित व्यक्तीने किंवा नोंदणीकृत ग्राहक संघटनेने दिल्याखेरीज न्यायालय दखल घेणार नाही. येथे महत्त्वाचा शब्द 'वस्तुस्थिती' हा आहे. 'दुकानदाराने आदेशाचा भंग केला' एवढे एक वाक्य लिहून भागत नाही. कोणत्या दिवशी, किती वाजता, फळ्यावर कोणता आकडा होता, खोलीत किती पोती मोजली, ती कोणासमोर मोजली आणि आदेशाचे कोणते पोटकलम मोडले, हे त्यात यावे लागते. खडूचा आकडा दुसऱ्या दिवशी फडक्याने पुसला जातो, त्यामुळे न्यायालयासमोर उरतो तो कागदच. म्हणून आपल्या वकिलांनी सर्वांत आधी या अहवालाची आणि पंचनाम्याची नक्कल मिळवावी, आणि तपासणी करणारा अधिकारी आदेशाने नेमून दिलेल्या दर्जाचा होता की नाही हेही पाहावे.

'चुकून राहिले' या बचावाबद्दल मात्र आपण भ्रमात राहू नये. 1965 साली मध्य प्रदेशातील एका धान्य व्यापाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गुन्हेगारी हेतू आवश्यक मानला होता. परंतु 1974 च्या दुरुस्तीने कलम 10-क आले आणि आता न्यायालय तसा हेतू होता असे गृहीत धरूनच चालते. तो नव्हता हे आरोपीने, आणि तेही वाजवी संशयापलीकडे, सिद्ध करायचे असते. ते सिद्ध होते आपल्या बोलण्याने नव्हे, तर रविवार पेठेच्या बिलाने, वाहतुकीच्या पावतीने आणि साठावहीतील त्याच तारखेच्या नोंदीने. वहीत नोंद नंतर घुसडण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण शाई आणि क्रम दोन्ही बोलतात.

शिक्षेबाबत बाजारात असा समज आहे की फळ्याचा गुन्हा म्हणजे दंड भरून सुटण्याची बाब. हा समज चुकीचा आहे. हिशेबवह्या ठेवण्यासंबंधीच्या आदेशाच्या भंगास एक वर्षापर्यंत कारावास व दंड आहे. इतर आदेशांच्या भंगास किमान तीन महिने आणि जास्तीत जास्त सात वर्षे, शिवाय दंड. पुरेशी व विशेष कारणे नोंदवून न्यायालय तीन महिन्यांहून कमी शिक्षा देऊ शकते. आपला दोष पहिल्या गटात बसतो की दुसऱ्या, हाच वकिलाचा पहिला मुद्दा असावा. शिवाय डाळ जप्त झाली असेल, तर खटला भरला किंवा न भरला तरी जिल्हाधिकारी कलम 6-अ खाली ती सरकारजमा करू शकतात. मात्र त्याआधी कारणे दाखवण्याची लेखी नोटीस यावी लागते, आणि तिचे उत्तर मुदतीत द्यावे. आणखी एक गोष्ट लक्षात असू द्यावी : फळ्याचा दोष आणि साठेबाजी एक नव्हे. 2024 च्या जूनमध्ये केंद्राने तुरीवर साठामर्यादा घातली, तेव्हाही किरकोळ दुकानदाराला 5 मेट्रिक टन, म्हणजे पन्नास क्विंटल, ठेवता येत होते.

न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करण्यापूर्वी तो वाचून दाखवण्यास सांगावे, आणि सहीच्या वर 'मराठीत वाचून दाखवले' किंवा 'वाचून दाखवले नाही', जे खरे असेल ते, आपल्या हाताने लिहावे. आता सही होऊन गेली असली, तरी हरकतीचा लेखी अर्ज पाठवून पोच घ्यावी.

प्रश्न : आमच्या निपाणीतील एका दुकानात भावफळाच नाही. तक्रार मराठीत चालेल काय, आणि खटला मी स्वतः भरू शकते काय? (एक गृहिणी)

उत्तर : तहसीलदारांकडे मराठीत अर्ज अवश्य द्यावा. गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद 350 ने प्रत्येकाला दिला आहे. उत्तर त्याच भाषेत येईल अशी हमी मात्र त्यात नाही. खटल्याचे म्हणाल, तर कलम 11 खाली पीडित व्यक्तीला व नोंदणीकृत स्वयंसेवी ग्राहक संघटनेलाही न्यायालयात जाता येते. आपण तेथून काही विकत घेतले असल्यास बिल मागावे, तारीख व वेळ टिपून ठेवावी. पाकिटावरील छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले असतील, तर तो वजनमाप खात्याचा, पाकीटबंद वस्तूंच्या 2011 च्या नियमांचा विषय आहे. त्याची तक्रार 1915 या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंदवता येते.